जिन्याची अकरावी फळी

१

जुन्या घरांतून काय काय चोरीला जातं, ते मी बत्तीस वर्षं पाहत आलेय. पितळी कड्या जातात, रंगीत काचा जातात, एकदा तर एका घरातून रातोरात अख्खा नळ भिंतीसकट गेला होता. पण चौदा पायऱ्यांच्या जिन्यातली नेमकी एक पायरी नाहीशी झालेली मी त्या बुधवारी पहिल्यांदाच पाहिली.

उतरवलेलं घर पुन्हा जसंच्या तसं उभं करायचं, तर त्याच्या प्रत्येक तुकड्याला आकडा लागतो. ते आकडे घालणं हे माझं काम. कुठल्या खोलीची चौकट, डावी की उजवी, वरची की खालची, हे पत्र्याच्या बिल्ल्यावर कोरायचं, बिल्ला लाकडाला ठोकायचा आणि वहीत लिहायचं. कामावर सगळे मला आकडेबाई म्हणतात. पाठीमागे त्यात आणखी काय जोडतात, ते मी विचारत नाही.

सोमवारी संध्याकाळी जिन्याच्या चौदाही फळ्या मी स्वतः मोजून दिवाणखान्याच्या कोपऱ्यात रचून घेतल्या होत्या. खालची पहिली पायरी ढिगाच्या तळाशी, वरची चौदावी सगळ्यात वर आणि सगळ्या पालथ्या. मंगळवारी सगळी माणसं छपरावर होती. बुधवारी ढीग मोजला तर तेरा. पुन्हा मोजला, तरी तेराच. मग बिल्ले वाचत वरून खाली गेले. चौदा, तेरा, बारा आणि एकदम दहा. माझ्या वहीत आलेला तुकडा आजवर हरवलेला नव्हता.

घराचे मालक बाबा, वय चौऱ्याऐंशी. त्यांची पत्नी अकरा महिन्यांपूर्वी गेली आणि लगेच त्यांनी घर दुरुस्तीला काढायचं ठरवलं; प्रत्यक्ष काम सुरू होऊन दोन महिने झाले होते. ते सध्या जवळच भाड्याच्या जागेत राहत होते. देखरेख त्यांच्या चाळिशीच्या मुलाकडे होती. त्यांना सगळे धाकटे म्हणत. माणूस मनाने वाईट नाही, पण पारा सदा चढलेला. मी फळीचं सांगितलं आणि तो फुटलाच.

"फाटकावर रखवालदार आहे. त्याच्या नजरेतून काडी बाहेर जात नाही. मग चार फुटांची फळी गेली कुठे? घरात दिवसभर हत्यारं घेऊन कोण फिरतं?"

कोण ते सांगायची गरज नव्हती. सुतारकाम बघणारे मिस्त्री मागे दारातच उभे होते.

"संध्याकाळी पाचपर्यंत फळी जागेवर यायला हवी," धाकटे म्हणाले. "नाही आली तर मिस्त्रींनी हत्यारं उचलायची. आणि का उचलली, ते मी गावातल्या एकेका ठेकेदाराला फोन करून सांगणार."

मिस्त्री आत गेले. साठी ओलांडलेल्या सुतारावर एकदा चोर म्हणून शिक्का बसला की त्याला पुढचं घर कुणी उघडत नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

"पाचपर्यंत ना?" मी म्हटलं. "मग पाचपर्यंत चार लोकांना चार प्रश्न विचारायची मला मोकळीक द्या."

"विचारा की, आकडेबाई. पण मला आकडा नको, फळी हवी."

२

मिस्त्री रंध्याचं पातं पुसत बसले होते. पात्याला काही लागलेलं नव्हतं.

"बाई, मी नाही घेतली."

"ते मी विचारलंच नाही."

"मग काय विचारायला आलात?"

"जिना उतरवायला का घेतला? वाळवी होती?"

"कसली वाळवी!" त्यांच्या आवाजात जरा जीव आला. "ठणठणीत जिना. हत्ती चढवला असता तरी कुरकुरला नसता. मी बाबांना दहा वेळा म्हटलं, याला हात नका लावू, नुसतं घासूनपुसून तेल देऊ. ऐकतील तर शपथ! एकूण एक फळी काढा म्हणाले. आणि जिना पहिला काढा म्हणाले. छपरातून पाणी गळतंय आणि हे म्हणतात जिना पहिला! मी दोन महिने टाळलं, शेवटी सोमवारी काढावाच लागला."

मलाही ते चमत्कारिक वाटलं होतं. बाबा रोज चारच्या ठोक्याला यायचे, दिवाणखान्यात खुर्ची टाकून बसायचे आणि मला एकच विचारायचे, "जिना उघडला का? काही सापडलं का?" मी म्हणायची, लाकूड उत्तम आहे बाबा, निश्चिंत राहा. तर ते माझ्याकडे असे बघायचे, की मी जणू उत्तर दिलेलंच नाही.

"फळ्यांच्या खाली बाबांचं लिहिलेलं काही होतं का?"

"असणारच. त्यांनी जिथं हात लावलाय तिथं असतंच. पण फळ्यांवर ही एवढी काजळी. पुसून वाचायला सवड कुणाला?"

हे लिहिण्याचं प्रकरण सांगायला हवं. बाबांना घरातली लहानसहान दुरुस्ती स्वतः करायची हौस होती, आणि केलेल्या प्रत्येक दुरुस्तीच्या न दिसणाऱ्या अंगाला ते पेन्सिलने तारीख आणि एखादं वाक्य लिहून ठेवत. एका खिडकीच्या पाठीवर सापडलं होतं, 'तीन जून. बिजागरी बदलली. बोट चेचलं.' एका दाराच्या पाठीवर, 'वीस जानेवारी. नवी खिट्टी. बायको बोलत नाही, कारण कळलेलं नाही.' चहाच्या वेळी आम्ही ही वाक्यं एकमेकांना वाचून दाखवायचो आणि खो खो हसायचो. एवढा मोकळा माणूस, असं मला वाटायचं.

मी ढिगाशी परत गेले. सकाळी घाईत जे दिसलं नव्हतं, ते आता दिसलं. दहाव्या फळीवर काजळी होती. तिच्या खालच्या नऊ फळ्यांवरही होती. पण चौदावी, तेरावी आणि बारावी, तिन्ही ओल्या फडक्याने लख्ख पुसलेल्या होत्या. त्यांच्यावर बाबांचं अक्षर होतं.

चौदावीवर, 'सहा मार्च. कोपरा नवा बसवला. मुलगी झाली. केस भरपूर.' तेरावीवर, 'अठरा ऑगस्ट. खिळे घट्ट केले. ताईला दात आला, माझ्याच बोटावर आजमावला.' बारावीवर, 'दोन मे. करकर थांबवली. ताई आज बाबा म्हणाली. निदान मला तसं ऐकू आलं.'

म्हणजे कुणीतरी वरून एकेक फळी पुसत, वाचत आणि बाजूला ठेवत खाली आलं होतं. अकरावीपाशी ते थांबलं. ती काढून घेतली आणि वरच्या तिन्ही पुन्हा क्रमाने रचून ठेवल्या. लाकूड चोरणारा अक्षरं वाचत बसत नाही. तो वरच्या दोन उचलतो आणि चालू लागतो.

मिस्त्रींना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "मग सुटलो ना मी?"

"माझ्यापुरते सुटलात. धाकट्यांपुरतं सुटायला फळी लागेल."

मग मी विचारात पडले. अकरावीवर असं काय लिहिलं होतं, की ते कुणाला दिसूच नये?

३

धाकटे अंगणात विटांच्या राशीशी उभे राहून कुणावर तरी फोनवर ओरडत होते. त्यांचं ओरडून होईपर्यंत मी थांबले.

"काल घरात कोण कोण होतं?"

"मी परगावी होतो, रात्री उशिरा आलो. दुपारी ताई बाबांना घेऊन आली होती. बाबा खुर्चीत बसले, मग त्यांना तिथेच डुलकी लागली. ताई इकडेतिकडे बघत हिंडली असेल. तुम्ही सगळे छपरावर. का?"

ताई म्हणजे बाबांची थोरली मुलगी. वय त्रेपन्न, रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत कामाला, राहायला गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटी. मी त्यांना चार-पाचदा पाहिलं होतं. हळू बोलायच्या. आणि जिना सुटा करण्याआधीच्या दिवसांत त्याच्या जवळून जाताना त्या भिंतीच्या कडेने जायच्या.

"साहेब, या जिन्यावर कधी काही झालं होतं का?"

धाकट्यांनी फोन खिशात टाकला.

"माझ्या आधी एक भाऊ होता. चार वर्षांचा. मी त्याला पाहिलेलं नाही, तो गेल्यावर दोन वर्षांनी मी झालो. ताई तेव्हा अकरा वर्षांची. त्याचा हात धरून त्याला खाली आणत होती. हात सुटला आणि तो खालपर्यंत गडगडत आला. इस्पितळात संध्याकाळी गेला."

मी वही मिटली.

"ताई म्हणत होती, मी हात सोडला नाही, पायरी हलली. आई इस्पितळातून परत आली ती तशीच चपला घालून जिन्यावर चढली आणि एकेका पायरीवर पाय आपटत गेली. एकही हलली नाही. मग तिने ताईला खोटारडी म्हटलं."

"नेहमी म्हणायच्या?"

"छे. एकदाच. त्यानंतर ती ताईशी काही बोललीच नाही. म्हणजे अक्षरशः नाही. ताईकडून मीठ हवं असलं तरी मला सांगायची, तिला म्हणावं मीठ दे. मला वाटायचं सगळ्या घरांत असंच असतं. अठराव्या वर्षी ताई घराबाहेर पडली. आईच्या शेवटच्या आजारात मात्र रोज यायची, उशाशी बसायची. आई भिंतीकडे तोंड करून पडायची."

"आणि बाबा?"

"बाबा मध्ये पडले नाहीत. म्हणायचे, जाऊ दे, तिचं मन दुखलंय. कुणाचं मन, ते मला लहानपणी कळायचं नाही."

"तारीख कोणती होती?"

"नऊ ऑक्टोबर. त्या दिवशी आई दरवर्षी खोलीबाहेर यायची नाही."

"आणि ताई कोणती पायरी हलली म्हणत होत्या?"

"वरून चौथी. का हो?"

मी मनातल्या मनात मोजलं. चौदा, तेरा, बारा, अकरा.

४

फळी नव्हती, पण ती जिच्यावर बसलेली होती ती जागा कुठे जाणार होती? जिन्याच्या दोन तिरप्या तुळया अजून भिंतीला धरून उभ्या होत्या. मिस्त्रींना घेऊन मी जिन्याखालच्या अडगळीत शिरले. त्यांनी दिवा वर धरला आणि मी स्टुलावर चढले.

बाकी सगळ्या पायऱ्यांच्या बेचक्या, म्हणजे फळी टेकते त्या खाचा, एकसारख्या, नीट, जुन्या. अकरावीच्या बेचकीत मात्र खालून एक जास्तीची पट्टी ठोकलेली होती.

"हे काय लाकूड आहे, मिस्त्री?"

त्यांनी नखाने खरवडून पाहिलं. "खोक्याचं. सामानाचं खोकं असतं ना, त्याचं. बाबा असलं लाकूड वापरायचे नाहीत हो. एक खुंटी बसवायची तरी चार दिवस चांगला तुकडा शोधायचे." मग त्यांनी दिवा जवळ नेला. "आणि खिळे बघा. जिथं दोन पुरले असते तिथं सात. तीन वाकलेत. हा हात थरथरत होता, बाई."

"वरून हे दिसलं असतं?"

"कसं दिसेल? सगळं खालून केलंय. वरून बघणाऱ्याला पायरी जशीच्या तशी. कितीही पाय आपटा."

हे म्हणताना ते थांबले. धाकट्यांकडून मी ऐकलेली हकीकत मी येता येता त्यांच्या कानावर घातली होती.

अकरा वर्षांची ती मुलगी खोटं बोललेली नव्हती. पायरी हलली होती. पोर इस्पितळात असताना कुणीतरी घरी येऊन, हाताला लागलेल्या पहिल्या लाकडाने ती खालून घट्ट केली होती. ते कोण, हे सांगायला आकडेबाई लागत नाही.

आता चोर. बाबांना चार फुटांची जाड फळी उचलणं शक्य नव्हतं. आणि त्यांना फळी कोणती ते माहीत होतं, मग त्यांनी वरच्या तीन कशाला पुसल्या असत्या? धाकटे परगावी होते. मिस्त्री तर आदल्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर छपरावर होते. राहिलं कोण? आपल्या जन्माबद्दल, आपल्या दाताबद्दल, आपल्या पहिल्या शब्दाबद्दल बापाने काय लिहिलंय ते हौसेने वाचत वाचत खाली येणारी मुलगी. तिला काही शोधायचंच नव्हतं. ती लाड वाचत होती, आणि वाचता वाचता अकराव्या फळीवर पोचली.

फळी फाटकाबाहेर गेलेली नव्हती. आम्ही घराचा कोपरान् कोपरा पालथा घातला होता, एक तळमजल्यावरची आईची खोली सोडून. ती बाबांच्या सांगण्यावरून शेवटी उघडायची होती. तिच्या किल्ल्या दोन, एक धाकट्यांकडे, एक ताईंकडे.

हिशोब चोख बसला. एरवी असा हिशोब बसला की मला फार बरं वाटतं. त्या दिवशी अडगळीतून बाहेर येताना मला रडू आवरेना. मिस्त्रींनी बघून न बघितल्यासारखं केलं.

एक गोष्ट मात्र बसत नव्हती. बेचाळीस वर्षं जिच्यावर खोटेपणाचा डाग होता, तिच्या हाती तो पुसणारा पुरावा आला. तो तिने छातीशी धरून जगभर नाचवायचा, की कुलपात ठेवायचा?

तीन वाजले होते. मी फोन लावला.

५

"ताई, मी आकडेबाई. मिस्त्रींवर चोरीचा आळ आलाय. पाच वाजता त्यांना काढून टाकणार आहेत."

पलीकडे काचेच्या नळ्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"कशाच्या चोरीचा?"

"जिन्याच्या फळीच्या."

"मला का नाही सांगितलं कुणी?" त्या इतक्या मोठ्याने बोललेल्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. "मी निघाले."

पंचवीस मिनिटांत त्या आल्या, अंगात प्रयोगशाळेचा पांढरा कोट तसाच. माझ्याकडे न बघता सरळ मिस्त्रींसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मिस्त्री, फळी मी घेतली. तुमच्यावर येईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. न केलेल्या गोष्टीचा आळ म्हणजे काय, हे मला कळायला हवं होतं. माफ करा."

मिस्त्री पार गोंधळले. "अहो ताई, तुमच्याच घरातली फळी. त्यात माफी कसली?"

धाकटे दारात आले होते. मग ते मिस्त्रींकडे वळले आणि मान खाली घालून म्हणाले, "मिस्त्री, माझं चुकलं." मिस्त्रींनी नुसती मान हलवली आणि रंधा उचलून ते मागे कामाला गेले. पाच वाजायला अजून बराच वेळ होता.

ताईंनी पर्समधून किल्ली काढली.

आईच्या खोलीत बंद हवेचा आणि औषधांचा वास होता. एक पलंग, एक कपाट. त्यांनी कपाट उघडलं. टांगलेल्या कपड्यांच्या मधोमध फळी उभी होती, कुणी माणूस कपड्यांत लपून उभं राहावं तशी. त्यांनी ती काढून पलंगावर ठेवली. अक्षर बाबांचंच होतं, पण ओळ तिरकी गेलेली.

'नऊ ऑक्टोबर. फळी ठोकली. उशीर झाला.'

धाकट्यांनी ते दोनदा वाचलं आणि ते पलंगाच्या कडेला बसले.

"दुपारी बाबा घरी आले होते," ताई म्हणाल्या. "कपडे आणतो म्हणून इस्पितळातून निघाले होते. तासाभराने परत आले तेव्हा बोटाला चिंधी बांधलेली होती. मी पाहिली होती ती. मला वाटलं, घाईत दारात सापडलं असेल."

"पण लिहून कशाला ठेवलं?" धाकटे ओरडले. "लपवायचंय आणि वर लिहूनही ठेवायचं?"

"सवय, बाळा. दुरुस्ती झाली की कानावरची पेन्सिल काढायची आणि लिहायचं. हात आपला आपणच गेला असेल."

मला ते पटलं. मीही माझ्या आईच्या शेवटच्या दिवशी इस्पितळात तिच्या खाटेवरचा नंबर वहीत उतरवून घेतला होता. का, ते आजही सांगता येत नाही.

"ताई, तुम्ही ही इथे का आणलीत?" मी विचारलं.

त्यांनी कपाटातल्या एका शालीचा पदर सरळ केला.

"आईला दाखवायला. वेडेपणा आहे, मला कळतं. ती नाहीये, हे तिचे कपडे आहेत. पण दुसरं काय करणार होते मी? त्यांच्यासमोर उभी केली आणि म्हटलं, बघ गं. बघ, हलली होती." त्यांचे डोळे कोरडे होते, आवाज मात्र फाटत होता. "तासभर बसले. मग बाबांना जाग आली, मी कपाट लावलं."

"आणि बाबांना काही विचारलं नाहीस?" धाकटे म्हणाले.

"काय विचारू? चौऱ्याऐंशीचे आहेत. मला आई नव्हतीच, हे एकच होते. लहानपणी सगळे झोपले की हळूच येऊन पांघरूण घालायचे. मला वाटायचं, निदान यांचा तरी माझ्यावर विश्वास आहे. विश्वास नव्हता, गं बाई. त्यांना तर माहीतच होतं."

हे त्या मला म्हणाल्या की स्वतःला, ते मला कळलं नाही. बाहेर गाडीचं दार वाजलं. चार वाजले होते.

६

बाबा काठी टेकत आले, खुर्चीत बसले आणि श्वास सावरून नेहमीसारखं म्हणाले, "आकडेबाई, काही सापडलं का?"

आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ठणठणीत जिना. एकूण एक फळी काढा. जिना पहिला काढा. काही सापडलं का? मी आपली रोज त्यांना लाकडाची खुशाली सांगत होते. या माणसाला पुरावा लपवायचा नव्हताच. तो सापडायची ते दोन महिने वाट बघत बसले होते.

"सापडलं, बाबा," मी म्हटलं.

ताई फळी घेऊन आल्या. ती त्यांनी बाबांच्या मांडीवर आडवी ठेवली. बाबांनी चष्मा लावला नाही. नुसता अंगठा त्या ओळीवरून फिरवला.

"कुणी वाचलं?"

"मी," ताई म्हणाल्या.

"एकटीने?"

"हो."

"मला वाटलं होतं, ही बाई वाचेल. नाहीतर धाकटा. मोठ्याने, सगळ्यांसमोर. म्हणजे मला सांगावं लागणार नाही." ते फळीकडे बघूनच बोलत होते. "दोन दिवस आधी माझ्याच पायाखाली हलली होती ती. म्हटलं, रविवारी करू. त्या दिवशी इस्पितळातून आलो, पट्टी ठोकली. वाटलं, निदान आणखी कुणी पडू नये. मग तुझी आई आली आणि पाय आपटत जिना चढली. मी खाली उभा होतो. तेव्हा एक शब्द बोललो असतो तर संपलं असतं."

"का नाही बोललात?" धाकट्यांनी विचारलं.

"भ्यालो. मग दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त भ्यालो. एक दिवस गप्प बसलं की पुढचा दिवस जड होत जातो. तुला वाटेल बेचाळीस वर्षं म्हणजे केवढी. मला तो एकच दिवस वाटतो." त्यांनी मान वर करून ताईंकडे पाहिलं. "रागाव ना माझ्यावर. तू रागावशील म्हणून तर उघडायला लावला जिना. काहीतरी बोल, ताई."

ताई जमिनीवर त्यांच्या खुर्चीशी बसल्या. त्या रागावल्या असत्या तर आम्हा सगळ्यांनाच बरं वाटलं असतं.

"आई असताना का नाही उघडायला लावलात?"

बाबांनी काठी खुर्चीला टेकवून ठेवली.

"ती मला सोडून गेली असती."

"मला सोडून गेलीच ना ती, बाबा. मी अकरा वर्षांची होते."

धाकटे तोंड फिरवून खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी जायला निघाले, हे घरातलं होतं, माझं तिथे काम नव्हतं. पण ताईंनी पुढचा प्रश्न विचारला आणि माझा पाय उचलेना.

"शेवटच्या दिवशी आईने आम्हाला बाहेर जायला सांगितलं आणि तुम्हाला एकट्याला आत थांबवलं. तेव्हा काय म्हणाली ती?"

"राहू दे, ताई."

"मला सांगा, बाबा."

"तिने विचारलं." बाबांनी फळी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. "म्हणाली, पोर रोज येऊन उशाशी बसतेय. खरंच हलली असेल का हो पायरी?"

बेचाळीस वर्षं ताई ज्या प्रश्नाची वाट बघत होत्या, तो त्या दाराबाहेर उभ्या असताना आत विचारला गेला होता.

"मग? तुम्ही काय सांगितलंत?"

बाबा रडत होते, आवाज न करता, म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांतून नुसतं पाणी गळतं तसं.

"मी म्हटलं, झोप आता."

ताई उठल्या आणि पांढऱ्या कोटाची बटणं एकेक करून लावत अंगणातून चालत फाटकाबाहेर गेल्या.